शेवरले 3100 (1951) : मागे व्हील कॅप घट्ट, पुढे ढिल्या, असं का?

खडखडाट

मंडळी, इथे जुन्या गाड्यांचे दर्दी बरेच आहेत, म्हणून विचारतोय. मी मूळचा मिरजेचा, आता पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरजवळ राहतो. इथल्याच एका शेतकऱ्याकडून शेवरलेचा अर्ध्या टनाचा पिकअप घेतलाय, मॉडेल 3100. कागदावर 1951 लिहिलंय आणि गाडीही तेच सांगते. दाराला पुढे छोटी उघडणारी काच आहे, म्हणजे 1951 च्या आधीचा नाही. बाहेरचं हँडल खाली फिरवायचं आहे, बटणाचं नाही, म्हणजे 1952 चाही नाही. इंजिन 216 घनइंचांचं, सहा सिलिंडरचं. धूर काढतं, पण पळतं.

गाडी आली तेव्हा चारही चाकं बोडकी होती, म्हणजे चाकाच्या मधलं धातूचं झाकण, व्हील कॅप, एकावरही नव्हती. 1947 ते 53, अर्धा टन, असं स्पष्ट लिहिलेला नव्या व्हील कॅपचा सेट मागवला. मागच्या दोन चाकांवर तळहाताचा एक ठोसा दिला की टक् करून बसतात, काढायला पट्टीच लागते. पुढच्या दोन मात्र अंगठ्याने हलतात. त्यातली डावी परवा रूट 30 वर सुटली, मला ओव्हरटेक करून पुढे गेली आणि मक्याच्या शेतात शिरली. सापडली, पण कडेला पोचा आलाय.

विकणारा म्हणतो, चारही एकाच साच्यातल्या आहेत. मी अदलाबदल करून पाहिलं, खरं आहे त्याचं. मागची कॅप पुढे लावली की तीही ढिली. म्हणजे भानगड चाकात आहे. पण काय? चारही चाकांना सहाच नट आहेत, रंगही एकच. कुणी रबराची पट्टी लाव म्हणतं, कुणी सिलिकॉन. मला तो जुगाड नकोय.

डेट्रॉइटचा भाऊ

आधी टायरवरचे आकडे वाचून इथे टाका. पुढचे आणि मागचे, दोन्ही. तुमच्या मॉडेलला कारखान्यातून 16 इंची चाकं यायची, टायर 6.00-16. पुढे 15 दिसलं तर अर्धं कोडं तिथेच सुटलं.

सहा नट जुळले म्हणून चाक तेच असं समजू नका. नटांचं साडेपाच इंची वर्तुळ शेवरलेने अर्ध्या टनाच्या पिकअपला साधारण 1970 पर्यंत चालवलं. त्यामुळे साठच्या दशकातलं चाकही तुमच्या गाडीला बिनतक्रार चढतं. नट बसतात, कॅप बसत नाही, कारण कॅपचा नटांशी संबंधच नसतो. ती धरून ठेवतात चाकावर रिव्हेट केलेल्या छोट्या क्लिपा.

खडखडाट

भाऊ, मागे 6.00-16. पुढे 235/75 आर 15! उंची दोन्हींची जवळपास सारखी, म्हणून नुसत्या नजरेला काही जाणवत नाही. चाक काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पुढे ड्रम नाहीत, कुणीतरी डिस्क ब्रेक बसवलेत. शेतकरीबुवांना विचारलं तर म्हणाले, माझ्या आधीच्याने केलं असेल.

मग आता 15 इंची चाकाच्या कॅप शोधू का? एका ठिकाणी 'शेवरले ट्रक, 15 इंच, 1947-53' अशी जोडी दिसतेय, बरीच स्वस्त.

गॅरेजवाली

थांबा, ती जोडी घेऊ नका! त्या वर्षांत 15 इंची चाक होतं ते पाऊण टनाच्या 3600 ला, आणि त्याला आठ नट. त्याची कॅप वेगळी. तुमची पुढची चाकं नंतरच्या कुठल्यातरी गाडीची आहेत.

दुसरं असं की 15 आणि 16 हे आकडे टायरसाठी असतात. कॅपसाठी दोनच मापं कामाची: चाकावर क्लिपांच्या बाहेरून जाणारं वर्तुळ आणि कॅपच्या मागच्या तोंडाचा आतला व्यास. कॅपचा दर्शनी व्यास जाहिरातीत ठळक छापतात, त्याचा उपयोग शून्य.

तुमच्या चाकाला क्लिपा किती? तीन असतील तर समोरासमोर क्लिपच नसते, मग टेप आडवी धरून व्यास मिळणार कसा? लोक अंदाजाने मधून धरतात आणि तिथेच पाव इंच चुकतं. त्यापेक्षा एका क्लिपच्या बाहेरच्या टोकापासून शेजारच्या क्लिपच्या बाहेरच्या टोकापर्यंत सरळ अंतर घ्या आणि 1.155 ने गुणा. 9 इंच आलं तर वर्तुळ 10.4 इंचाचं. तिन्ही अंतरं मोजा. एखादं वेगळं आलं तर ती क्लिप वाकलीय किंवा झिजलीय.

चाकांना पावडर कोटिंग केलंय का तेही बघा. क्लिपवर जाड थर चढला की नवी कॅप पहिल्यांदा फारच घट्ट बसते, मग काढता-घालताना थर खरवडला जातो आणि तीच कॅप डुगडुगायला लागते.

एक कोल्हापुरी

भावा, फोटो टाक की! नुसतं वर्णन वाचून पोट भरत नाय.

आमच्या आजोबांच्या वेळी शेवरलेचे ट्रक आपल्याकडं जोडले जायचे. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता, 1928 ते 1954. म्हणून मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटला, अजून कधीमधी शेवरलेची कॅप दिसते. पण ती बघून पाघळू नको. आपल्याकडं जास्त करून मालवाहू मोठे ट्रक, त्यांची चाकं वेगळी. तिथनं अमेरिकेत मागवायची म्हणजे उलटी गंगा.

खडखडाट

कोल्हापूरकर, फोटो रविवारी टाकतो, सध्या गाडी जॅकवर आहे.

ताई, मोजलं. मागे तिन्ही अंतरं तंतोतंत सारखी. पुढेही तिन्ही सारखी, पण प्रत्येक मागच्यापेक्षा पाव इंच कमी. म्हणजे वर्तुळात चांगला दोन सुतांच्या, म्हणजे पाव इंचाच्या, वर फरक आहे. कॅप उडणारच. पावडर कोटिंग नाही, ब्रशने मारलेला रंग आहे. ब्रशचे केससुद्धा त्यात अडकलेत.

आता रस्ते दोन दिसतात. पुढे मूळ 16 इंची चाकं शोधायची, किंवा आहेत त्या चाकांवरच्या क्लिपा बदलायच्या. कॅपची कड पक्कडीने आत वळवावी असं एक शेजारी सुचवतोय.

गॅरेजवाली

शेजाऱ्याला चहा पाजा आणि पक्कड लपवून ठेवा. कड वळवली की क्रोमला तडा जातो आणि पहिल्या पावसाळ्यात तिथून गंज धरतो.

मी असते तर 16 इंची चाकं शोधली असती. मात्र विकत घेण्याआधी मागचं एक चाक काढून पुढे चढवून बघा. डिस्क ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकतीला पकडणारा भाग, काही वेळा मूळ चाकाला आतून घासतो. हाताने पूर्ण फेरी फिरवा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून. त्याच वेळी बेअरिंगवरची ग्रीसची टोपी किती बाहेर येते तेही मोजा. डिस्क बसवल्यावर हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, बदलतो, टोपी लांब असली तर कॅप क्लिपवर टेकायच्या आधी टोपीलाच टेकते. मग माप बरोबर असूनही कॅप बसत नाही आणि माणूस वेडा होतो.

घासत असेल तर क्लिपा बदला. सुट्या मिळतात, रिव्हेट करायच्या. वेल्डिंग नको. तिन्ही एका वर्तुळावर आल्या पाहिजेत, म्हणून मागच्या चाकावरून जाड पुठ्ठ्याचा साचा कापून घ्या.

डेट्रॉइटचा भाऊ

तो पुठ्ठा जपून ठेवा, हर्शीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात कामाला येईल. ऑक्टोबरमध्ये भरतो, तुमच्यापासून तासाभरावर. तिथे अर्ध्या टनाचं चाक म्हणून काहीही खपवतात. साचा क्लिपांवर बसला तर भाव करायचा, नाहीतर पुढचं दुकान.

पोचा आलेल्या कॅपच्या जोडीला जुनी मूळ कॅप शोधणार असाल तर एक सांगतो. तुमच्या गाडीच्या काळात कोरियाचं युद्ध चालू होतं आणि अमेरिकेत निकेलवर निर्बंध होते. तेव्हाचं क्रोम पातळ, लवकर सोलणारं. सोललेली दिसली म्हणून नकली समजून टाकून देऊ नका, आणि चकचकीत दिसली म्हणून मूळची समजून जास्त पैसे देऊ नका.

खडखडाट

मागचं चाक पुढे चढवून पाहिलं. उजवीकडे कॅलिपर आणि रिममध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे, डावीकडे घासतंय. ग्रीसची टोपी दोन्हीकडे आतच राहते. डावीकडचा कॅलिपर नीट बसलाय का ते आधी बघतो. तोवर पुढच्या दोन्ही कॅप काढून सीटमागे ठेवल्यात.

एक कोल्हापुरी

रविवार झाला. फोटो?