अंतराळयुद्धाच्या चित्रपटांतले कोणते तंत्रज्ञान विज्ञानाच्या कसोटीवर टिकते?

ध्रुवमत्स्य:
१९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ने अंतराळयुद्धाचा जो साचा घालून दिला, तो आजही बहुतेक चित्रपटांत दिसतो. लहान याने एकमेकांचा पाठलाग करतात, गिरक्या घेतात, रंगीत लेझर झोत सोडतात, आणि मधूनच एखादे यान अदृश्य होऊन शत्रूच्या पाठीमागे येते. जॉर्ज लुकस यांनी त्या लढाईच्या जुळणीसाठी दुसऱ्या महायुद्धातील विमानयुद्धांची चित्रफीत नमुना म्हणून वापरली होती, त्यामुळे ही याने विमानांसारखी का उडतात ते कळते. माझा प्रश्न पुढचा आहे. लेझर, रेलगन (दोन रुळांमधून विजेच्या जोरावर धातूचा तुकडा फेकणारी तोफ) आणि दिसू न शकणारे यान या तिघांपैकी आजच्या भौतिकशास्त्रापुढे आणि अभियांत्रिकीपुढे काय टिकते? ‘चित्रपटात शास्त्र शोधू नये’ हे उत्तर कृपया देऊ नये. जी कथा स्वतःला विज्ञानकथा म्हणवते, तिला हा प्रश्न विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे असे मला मनापासून वाटते.

प्रकाशकण:
लेझरचा झोत बाजूने दिसतो तो हवेतील धूळ आणि बाष्प प्रकाश विखुरतात म्हणून. निर्वातात तो दिसणार नाही, आणि प्रकाशाच्याच वेगाने येत असल्यामुळे त्याला पाहून चुकवताही येणार नाही. शस्त्र म्हणून मात्र लेझर आता काल्पनिक राहिलेले नाही. अमेरिकी नौदलाने २०१४ मध्ये ‘पॉन्से’ या जहाजावर ३० किलोवॅटचे लेझर बसवले होते, आणि आपल्या डीआरडीओने एप्रिल २०२५ मध्ये कर्नूल येथे तेवढ्याच शक्तीच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवले.

खरी मर्यादा अंतराची आहे. १ मीटर व्यासाच्या निर्दोष आरशातून १ मायक्रॉन तरंगलांबीचा झोत सोडला, तरी विवर्तनामुळे, म्हणजे प्रकाशाच्या आपोआप पसरण्यामुळे, १,००० किलोमीटरवर त्याचा ठिपका सुमारे अडीच मीटर रुंद होतो. त्यावर ३० किलोवॅट पसरले की प्रत्येक चौरस मीटरला सरासरी साडेसहा किलोवॅटच्या आतबाहेर शक्ती मिळते, जी पृथ्वीच्या कक्षेत पडणाऱ्या सूर्यप्रकाशाच्या पाचपटही भरत नाही. एवढ्याने यानाचे कवच फुटत नाही. त्यासाठी मेगावॅटची शक्ती, मोठा आरसा आणि एकाच जागी काही सेकंद झोत रोखून धरण्याची अचूकता लागेल.

उल्का:
रेलगनबद्दल थोडक्यात लिहितो. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या १ किलो धातूच्या तुकड्यात साडेचार मेगाज्यूल ऊर्जा असते, म्हणजे १ किलो टीएनटीपेक्षा किंचित जास्तच; स्फोटके भरण्याची गरजच नाही. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’त भारताने कक्षेतील आपला उपग्रह निव्वळ धडकेने नष्ट केला, तो याच तत्त्वावर. अमेरिकी नौदलाने २०१० मध्ये ३३ मेगाज्यूलची रेलगन चाचणी केली, पण २०२१ मध्ये तो प्रकल्प थांबवला. प्रत्येक प्रक्षेपणात रुळांची होणारी झीज ही या तोफेची जुनी दुखरी बाजू आहे.

चित्रपटांत कधीच न दिसणारी गोष्ट म्हणजे युद्धानंतरचा कचरा. २००७ मध्ये चीनने सुमारे ८५० किलोमीटर उंचीवर एक उपग्रह फोडला, तेव्हा मागोवा घेता येईल असे ३,००० हून अधिक तुकडे कक्षेत पसरले. जिंकणाऱ्यालाही नंतर त्याच कक्षेतून जायचे असते.

शीतला:
वरील दोन्ही प्रतिसाद मला मान्य आहेत, परंतु माझ्या मते या चित्रपटांचे सर्वांत कच्चे अंग शस्त्र नसून उष्णता आहे. निर्वातात उष्णता वाहून नेणारी हवा नसते; ती फक्त प्रारणाने, म्हणजे मुख्यतः अवरक्त किरणांच्या रूपात, बाहेर टाकता येते. ३०० केल्विन (सुमारे २७ अंश सेल्सिअस) तापमानाचा पृष्ठभाग दर चौरस मीटरला जेमतेम ४६० वॅट बाहेर टाकतो. आता १ मेगावॅटचे लेझर घ्या आणि त्याची कार्यक्षमता एक तृतीयांश धरा, म्हणजे २ मेगावॅट उष्णता मागे उरते. झोत सतत चालू ठेवायचा असेल, तर ती घालवायला चार हजारांहून अधिक चौरस मीटर रेडिएटर (उष्णता बाहेर टाकणारे पत्रे) हवेत. पृष्ठभाग १,००० केल्विनपर्यंत तापवला तर क्षेत्रफळ शंभरपटीहून अधिक घटते, पण लेझरचे नाजूक भाग थंडच ठेवावे लागतात. म्हणून खऱ्या युद्धयानाला पंखांसारखे मोठाले पातळ रेडिएटर असतील, त्यांना चिलखत घालता येणार नाही, आणि शत्रू आधी त्यांनाच लक्ष्य करील.

‘२००१: अ स्पेस ओडिसी’च्या कर्त्यांना हे ठाऊक होते. त्यांनी डिस्कव्हरी यानाला रेडिएटर कल्पिले होते, पण प्रेक्षकांना ते विमानाचे पंख वाटतील या भीतीने ते वगळले. इतक्या काटेकोर चित्रपटाने ही तडजोड करावी याची मला आजही हळहळ वाटते.

अदृश्य यानाचेही उत्तर यातच आहे. अवकाशाच्या सुमारे ३ केल्विनच्या अतिथंड पार्श्वभूमीवर माणसे राहतील इतके उबदार यान उष्णता टिपणाऱ्या अवरक्त दुर्बिणीला उठून दिसते.

ध्रुवमत्स्य:
शीतलाताई, हे फारच उपयुक्त आहे. मग पाठलागाचे काय? आणि काही काळ उष्णता आत साठवून लपता येईल का?

शीतला:
पाठलाग शक्य आहे, पण डोळ्यांना पटणार नाही असा. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे सरळ इंजिन रोखून जवळ जाण्याचा प्रयत्न केला, आणि तो टप्पा आणखी दूर जात राहिला. बरेच इंधन खर्ची पडल्यावर तो नाद सोडावा लागला. त्याच कक्षेत पुढे असलेल्या यानाला गाठायचे तर आधी वेग कमी करून खालच्या, अधिक जलद कक्षेत उतरावे लागते.

उष्णता साठवणे मात्र मर्यादित काळ जमेल. द्रव हायड्रोजनसारखे अतिशीत द्रव्य ती शोषून घेईल, बाहेरचे कवच थंड राहील, इंजिन बंद ठेवावे लागेल, आणि द्रव्य संपले की रेडिएटर उघडण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. दिग्दर्शकाने हे दाखवावे असे मला फार वाटते: रेडिएटर मिटून बसलेले यान, आत चढत जाणारे तापमान, आणि ते किती अंशांवर उघडायचे यावर कप्तान आणि अभियंता यांच्यात झडलेला वाद.