एंटर द गंजन पुढे खेळावा का? रिव्ह्यू चांगलेत पण लोक वैतागलेलेही दिसतात

डॉज रोल या स्टुडिओचा २०१६ चा गोळीबाराचा गेम, सेलमध्ये घेतला. दहा तास झाले, दुसऱ्या मजल्याच्या पुढे जात नाहीये. बंदुका कमी मिळतात, बॉस (मजल्याचा मोठा शत्रू) मरता मरत नाही, हे असंच आहे का माझं काही चुकतंय? रिफंड तर आता मिळणार नाही.

प्रतिसाद १:
कमी बंदुकांची तक्रार सुरुवातीला खूप जणांची होती आणि ती खरीच होती, पण २०१८ च्या फुकट अपडेटमध्ये सिनर्जी आल्या, म्हणजे दोन वस्तू जुळल्या की बंदूक वेगळीच वागते, तेव्हापासून खेळ बराच मोकळा झालाय. सोडू नकोस भावा.

प्रतिसाद २:
सारखं रोल (कोलांटी मारून गोळी चुकवणं) करू नका, रोलच्या पहिल्या अर्ध्या भागातच गोळी लागत नाही, उतरताना लागते. साध्या गोळ्या चालत चालत चुकवा. आणि ब्लँक (शत्रूच्या गोळ्या पुसून टाकणारी वस्तू) साठवून काय करणार, प्रत्येक मजल्यावर नवे मिळतातच, वापरा!

प्रतिसाद ३:
मला मात्र रन (सुरुवातीपासून मरेपर्यंतचा एक डाव) फार लांब वाटते, तासभर खेळून मेलं की खूप लागतं. न्यूक्लिअर थ्रोन हा असाच दुसरा गेम त्यामानाने झटपट. पण बॉसकडून एकही गोळी न खाता जिंकलं की जास्तीचं हार्ट मिळतं ना, त्या आनंदासाठी मी परत गंजनच लावतो.