फर्स्टचं गणित: माझे ६६.७३ येतायत, कुणी तपासून देईल का?

शेवटचं_सेमिस्टर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये बीएस्सी ऑनर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक परीक्षा सोडली तर सगळे मार्क हातात आलेत. काल रात्री दोन वाजेपर्यंत एक्सेल घेऊन बसले होते आणि आता त्या आकड्यांकडे बघवत नाही.

दुसरं वर्ष, सहा मॉड्यूल, प्रत्येकी २० क्रेडिट: ६४, ५८, ७१, ६२, ६७, ६०.
तिसरं वर्ष: डिझर्टेशन (४० क्रेडिट) ७४. बाकीची २० क्रेडिटची: ७२, ६९, ७१. शेवटच्याची परीक्षा बाकी आहे, तिथे अंदाजाने ६६ धरलेत.

अकरा आकड्यांची बेरीज ७३४, भागिले ११, उत्तर ६६.७३. म्हणजे टू-वन (फर्स्टच्या लगेच खालचा वर्ग). फर्स्टला ७० लागतात, म्हणजे विषय संपलाच ना? हँडबुकात ३०:७० असं काहीतरी लिहिलंय, त्याचा अर्थ मला नीट लागला नाही. आईला फोनवर "अडुसष्ट-एकोणसत्तर येतील" म्हटलं होतं, तर ती म्हणाली, "एवढेच?" इथे सत्तर म्हणजे काय ते तिला समजावणं वेगळंच प्रकरण आहे.

घाईघाईत

पहिल्या वर्षाचे मार्क कुठे गेले? तीन वर्षांची सरासरी काढतात ना?

आकडेमोड्या

घाईघाईत, नाही हो. इंग्लंडमधल्या बहुतेक विद्यापीठांत पहिलं वर्ष (लेव्हल ४) पास झालं की झालं, ते डिग्रीच्या वर्गात धरत नाहीत. दुसरं आणि तिसरं धरतात, आणि ते कुठल्या प्रमाणात, हे ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. कुठे ३०:७०, कुठे ४०:६०, कुठे एक तृतीयांश-दोन तृतीयांश.

आता तुझं बघू. दोन चुका आहेत आणि दोन्हींनी तुझंच नुकसान केलंय.

पहिली, डिझर्टेशन तू एक मॉड्यूल म्हणून मोजलंस. ते ४० क्रेडिटचं आहे, म्हणजे दोनदा धरायला हवं. दुसरी, दोन वर्षं एकाच पातेल्यात ओतलीस. ३०:७० म्हणजे आधी प्रत्येक वर्षाची वेगळी सरासरी काढायची, मग दुसऱ्या वर्षाचे ३० टक्के आणि तिसऱ्याचे ७० टक्के घ्यायचे.

दुसरं वर्ष: ३८२ भागिले ६ = ६३.६७.
तिसरं वर्ष: ७४×४०, अधिक (७२+६९+७१+६६)×२०. एकूण ८५२०. भागिले १२० = ७१.
आता ६३.६७ चे ३० टक्के १९.१ आणि ७१ चे ७० टक्के ४९.७. एकूण ६८.८.

६६.७३ आणि ६८.८ मध्ये फरक फक्त दोन मार्कांचा, पण तो कुठे पडतो ते बघ. ६६.७३ ला कुणी वळूनही बघणार नाही. ६८.८ ला बऱ्याच विद्यापीठांत 'बॉर्डरलाइन' म्हणतात, म्हणजे फर्स्टच्या काठावरचा. तुझ्या हँडबुकात तो शब्द शोध आणि इथे लिही. मी अनुभवाचा माणूस आहे. माझे ६९.४ आले होते, आमच्याकडे ६९.५ पासून वर राउंड करून ७० धरायचे. दोन मॉड्यूलांत ६९ वर अडकलो होतो, एक जरी पुढे सरकलं असतं तर बॉर्डरलाइनचा नियम लागू झाला असता. बरीच वर्षं झाली, अजून सांगतोय बघा.

स्कॉटलंडवाला

एक पुरवणी. स्कॉटलंडमध्ये असाल तर हे गणित जसंच्या तसं उचलू नका. इथे ऑनर्स चार वर्षांचं, ४८० क्रेडिटचं, आणि वर्ग साधारणपणे शेवटच्या दोन वर्षांवर ठरतो. आणि एमएस्सीवाले दरवेळी अशा धाग्यात येऊन गोंधळ घालतात, म्हणून आधीच सांगतो: तिथे फर्स्ट, टू-वन नसतं, तिथे डिस्टिंक्शन, मेरिट, पास असतं.

शेवटचं_सेमिस्टर

आकडेमोड्या दादा, मी ही बेरीज तीनदा केली, ६८.८ च येतंय! आणि हँडबुकात सापडलं, पान ३१ वर, अगदी बारीक अक्षरात. अंतिम सरासरी ६८ किंवा जास्त असेल आणि शेवटच्या वर्षाच्या निदान निम्म्या क्रेडिटला ७० किंवा वर मार्क असतील तर फर्स्ट. राउंड करणं ६९.५ पासून.

म्हणजे १२० पैकी ६० क्रेडिट. डिझर्टेशन ४०, ७२ वाल्याचे २०, ७१ वाल्याचे २०, झाले ८०. उरलेल्या परीक्षेत काहीही झालं तरी ही अट पूर्णच आहे?

आकडेमोड्या

ती अट पूर्ण आहे. पण ६८ ची अट त्या परीक्षेवरच टांगलेली आहे, तिथे निवांत होऊ नकोस. त्या मॉड्यूलचे मार्क क्ष धर. अंतिम सरासरी येते ६१.१ अधिक क्ष गुणिले ०.११६७. म्हणजे त्या मॉड्यूलमधला एक मार्क तुझ्या डिग्रीत नवव्या हिश्शापेक्षा किंचित जास्त भर टाकतो. (डिझर्टेशनमधला एक मार्क याच्या दुप्पट टाकत होता, आणि दुसऱ्या वर्षाचा एक मार्क जेमतेम ०.०५. म्हणून त्या ५८ साठी रडणं बंद कर.)

६८ ला पोचायला क्ष निदान ५९.२ हवा, म्हणजे ६०. बॉर्डरलाइनच्या भानगडीत न पडता सरळ ६९.५ गाठायचे असतील तर बरोब्बर ७२.

कोर्सवर्क किती टक्के होतं आणि किती मिळालेत?

शेवटचं_सेमिस्टर

कोर्सवर्क ४० टक्के, त्यात ६५ आहेत. परीक्षा ६० टक्के.

आकडेमोड्या

मग कोर्सवर्कचे २६ तुझ्या खिशात आहेत. ६० साठी उरलेले ३४ परीक्षेतून, भागिले ०.६, म्हणजे ५७ लागतील. ७२ साठी ७७. दोन्ही आकडे टेबलावर चिकटव आणि ५७ वाल्याकडे जास्त बघ.

कार्यालयातली_ताई

मी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात काम करते, म्हणून दोन गोष्टी. (माझ्या विद्यापीठाचं नाव विचारू नका.)

अगं, तुझ्या पोर्टलवरचे सगळे मार्क 'प्रोव्हिजनल' असतात, डिझर्टेशनचे ७४ सुद्धा. एक्झाम बोर्डात शिक्कामोर्तब झाल्याशिवाय ते तुझे नाहीत. बाहेरचा परीक्षक नमुने बघतो, कधी अख्ख्या मॉड्यूलचे मार्क एखाद-दोनने वरखाली होतात. म्हणून नेमके ५७ धरून अभ्यास करणारी मुलं मला दरवर्षी जूनमध्ये भेटतात. तू ६२-६३ धर.

दुसरं, नियम तू ज्या वर्षी प्रवेश घेतलास त्या वर्षीच्या हँडबुकातला लागू होतो का, ते विचारून घे. मधे वेटेज बदललं असेल तर ३०:७० चं ४०:६० झालेलं असू शकतं. तुझ्या मार्कांना तसं धरलं तर ६८.०७ येतात, म्हणजे अगदी काठावर. आणि कुणी म्हणालं की निकाल लागल्यावर अपील करू, तर लक्षात ठेव: "मला जास्त मार्क हवे होते" हे अपीलचं कारण होत नाही. प्रक्रिया चुकली असेल किंवा आजारपण असेल तर होतं. आजारपणाचे कागद बोर्डाच्या आधी द्यायचे, नंतर नाही.

शेवटचं_सेमिस्टर

ताई, विभागाला ईमेल टाकला. उत्तर आलं: आमच्या तुकडीला ३०:७० च आहे. आता ६३ चा आकडा लिहून भिंतीवर लावलाय, ५७ वाला फाडून टाकला. परीक्षा गुरुवारी आहे, तोपर्यंत एक्सेल बंद.