प्रतिसाद: पानं मोजणारी मुलं
‘मुलांच्या पुस्तकात झाड झाडासारखं दिसलं की पुरे, पानं मोजत कोण बसतंय’, हे मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांवरच्या या चर्चेत कुणीतरी मांडलेलं म्हणणं मला अजिबात पटत नाही. मुलंच बसतात! फाल्गुनात नागपूरहून रामटेकला जाताना भाचीनं बरोबर पकडलं: तिच्या पुस्तकातल्या पळसाला फुलंही होती आणि गच्च हिरवी पानंही. खरा पळस ऐन बहरात जवळपास निष्पर्ण असतो. काळपट, मखमली कळ्यांतून पोपटाच्या चोचीसारखी केशरी पाकळी वाकून बाहेर येते. चित्रकारानं एकदा झाडाखाली उभं राहायला हवं होतं.

बीट्रिक्स पॉटर या इंग्रज लेखिका-चित्रकर्तीच्या ‘पीटर रॅबिट’ या सशाचा उल्लेख चर्चेत झालाय, पण तिच्या अळंब्या राहिल्याच. सशाचं पुस्तक १९०२ मध्ये बाजारात आलं. त्याआधी कितीतरी वर्षं ती सूक्ष्मदर्शक लावून अळंब्या आणि त्यांचे बीजाणू रंगवत होती. तिच्या सशाच्या पायाजवळचा पाला खरा वाटतो तो त्या सवयीमुळेच, असं मला ठामपणे वाटतं. बीजाणू कसे रुजतात यावरचा तिचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेत मांडला गेला, तोही दुसऱ्याकडून, कारण बायकांना त्या सभेत प्रवेशच नव्हता. तिची अळंब्यांची चित्रं मात्र पुढे १९६७ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर, अळंब्या ओळखायच्या एका पुस्तकात छापली गेली.