विषय: पुन्हा: पुन्हा: पान ४२, फोटोखालची ओळ

पुण्याला अंकाची फाइल आज रात्री दहाला जाणार आणि पान ४२ अडलंय. चीनमधल्या काशगरचे इमाम जुमे ताहिर यांच्या फोटोखाली दोनच ओळी बसतात. ‘सरकारी इमाम’ केलं तर बसतं, ‘सरकारनियुक्त’ केलं की तारीख तिसऱ्या ओळीत पडते. काय करू?
– भाऊ

भाऊ, ‘सरकारी’ नको रे. सरकारी म्हटलं की दवाखाना आठवतो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पहाटेची नमाज झाली नि काशगरच्या ईदगाह मशिदीबाहेरच भोसकला. त्याला मेल्यावर कशाला हिणवायचं?
– माई

माई, पुष्कळ उयघुर, म्हणजे तिथले मुसलमान, त्यांना हिणवतच होते, मुद्दा तोच आहे. शिंज्यांगमध्ये, म्हणजे काशगरच्या त्या प्रांतात, इमाम कोण हे चीन सरकार ठरवतं. २००९ला तिथल्या राजधानीत, उरुमचीत, दंगल झाली, सरकारी आकडा १९७ मृत. त्यात हे सरकारच्या बाजूने बोलले. त्यांच्या आधीच्या इमामांवरही १९९६ला चाकूहल्ला झाला होता, ते वाचले. आणि यांचा खून झाला ३० जुलै २०१४ला, त्याच्या दोनच दिवस आधी शिंज्यांगमधल्याच यारकंदला ९६ माणसं मेली. हाही सरकारी आकडा, उयघुर संघटनांना मान्य नाही. नेमणुकीचा शब्द गाळलात तर खून का झाला हेच कळणार नाही. अठरा वर्षांखालच्यांना मशिदीत बंदी, हेही लेखातून उडवलंय. कोणी?
– नाना

यारकंदच लिहा, गेल्या अंकात ‘यारकंड’ छापलं होतं. लेहच्या बाजारात यारकंदी व्यापारी यायचे, तो रस्ता जुना आहे. मी २०११ला काशगरला गेलो होतो. पिवळी भिंत, समोर मोठा चौक. गाइडला विचारलं, इमाम कसे आहेत? त्याने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, आता बाजार बघू.
– काका

गेल्या वर्षीही सांगितलं होतं, फोटोखालचा मजकूर संपादक ठरवतात. लिस्टवर मतदान घ्यायचं नाही. आणि नाना, ते वाक्य मी उडवलं, जागा नव्हती.
– माजी संपादक

जागा माझ्या प्रवासवर्णनाला बरी मिळाली होती, चार पानं!
– काका

‘सरकारनियुक्त’ ठेवलं, तीन ओळी झाल्या. नाना, तुमचं वाक्यही परत घेतलं. फोटो थोडा कापावा लागला, दरवाज्याची कमान वरून गेली.
– भाऊ

कमान कशाला कापलीस? खालची फरशी काप.
– माई