सिम्युलेशनला 'अनुकरण' म्हणावं का?

जाळीदार: संगणक-जाळ्यांच्या प्रात्यक्षिकांची पुस्तिका मराठीत आणतेय. सिम्युलेशनला 'अनुकरण' लिहिलं, तर सहकाऱ्याने खोडलं. म्हणाला, अनुकरण म्हणजे इम्युलेशन. एकाच पानावर दोन्ही आलेत. पॅकेट ट्रेसर या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन असतं, म्हणजे राउटरच्या (जाळी एकमेकांना जोडणाऱ्या यंत्राच्या) वागण्याचा नुसता नमुना. जीएनएस३ या सॉफ्टवेअरमध्ये इम्युलेशन होतं, म्हणजे राउटरची खरी प्रणाली चालवता येते. दोन्हींना एकच शब्द कसा पुरणार?

ओवीकार: सिम्युलेशन म्हणजे सदृशीकरण, इम्युलेशन म्हणजे अनुकरण. संस्कृत धातूंतून नेमके शब्द घडतात, ते सोडू नयेत.

बोरूबहाद्दर: सदृशीकरण वर्गात कुणाच्या तोंडी बसणार? मी 'बतावणी' म्हणतो. बतावणे म्हणजे दाखवणे, आणि पडद्यावर तेच तर चालतं.

जाळीदार: इथेच अडतं. एनएस-3 या जाळ्यांच्या सिम्युलेटरमध्ये आधी प्रयोग चालतो. त्याचं घड्याळ एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी घेतं. घडलेलं एक्सएमएल फाइलमध्ये उतरतं आणि मग नेटॲनिम ते हलत्या चित्रांत दाखवतं. घडणं आधी, दाखवणं नंतर. बतावणी शोभेल ती नेटॲनिमला.

सांजवात: माझं मत 'रंगीत तालीम'ला. खऱ्या तारा ओढण्याआधी सगळं करून बघायचं, ही तालीमच.

ओवीकार: तालमीत नट खरे असतात. म्हणजे ती इम्युलेशनच्या जवळची झाली.

सांजवात: हे पटलं. पण मग पॅकेटचं, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याचं, काय करताय? पॅकेट ट्रेसरमध्ये ते चक्क पाकिटासारखं दिसतं. पहिल्यांदा पिंग केलं, म्हणजे दुसरा संगणक उत्तर देतो का ते तपासलं, की आधी त्याचा हार्डवेअर पत्ता विचारणारं एआरपीचं वेगळ्या रंगाचं पाकीट निघतं. संगणकांना जोडणारा हब ते सगळीकडे वाटतो, आणि ज्याचं नाही त्या संगणकावर त्याच्यावर लाल फुली पडते. विद्यार्थी आपणहून 'पाकीट' म्हणतात.

ओवीकार: पाकीट इंग्रजीच. 'पुडके' लिहा.

बोरूबहाद्दर: पुडकं दोऱ्याने बांधतात, त्यावर पत्ता कुठला? पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोन्ही पत्ते असतात. आयपी पॅकेटवरही तेच. शब्द कुठून आला यापेक्षा तो अर्थ किती पेलतो ते बघा.

ओवीकार: मग उद्या सगळंच उसनं घ्या!

जाळीदार: पाकीट घेतेय. त्यावर क्लिक केलं की थर उलगडतात, तेही शब्दात बसतं. पण ते पाकीट ज्या फ्रेममध्ये बसून तारेवरून जातं, तिला काय म्हणू? 'चौकट' लिहिलं तर मुलांच्या डोळ्यांपुढे दाराची चौकट येते.

सांजवात: लिफाफा?

बोरूबहाद्दर: पाकीट आणि लिफाफा एकच ना!