विनोदी ऑपेरा आणि सोबतची मित्रमंडळी : आपले अनुभव लिहा

विनोदी ऑपेरा घरी एकट्याने ऐकताना क्वचितच मोठ्याने हसू येते. नाट्यगृहात मात्र शेजारचा मित्र कुठे हसतो, यावरही आपले हसणे ठरते. ज्यांनी असा प्रयोग मित्रमैत्रिणींसह पाहिला असेल, त्यांनी नेमके कोणत्या जागी आणि कशामुळे हसू फुटले, ते लिहावे. संगीत नाटकाचे अनुभवही अवश्य यावेत.

व्हिएन्ना

विद्यार्थिदशेत आम्ही चौघी मैत्रिणी तेथील श्टाट्सओपर या ऑपेरागृहात इटालियन संगीतकार रोसिनीचा ‘बार्बर ऑफ सेव्हिल’ उभ्याने पाहत असू. तिथे उभ्याच्या स्वस्त जागा चारशेहून अधिक आहेत आणि कठड्याला मफलर बांधला की ती जागा आपली, हा संकेत एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालापेक्षाही काटेकोरपणे पाळला जातो. दुसऱ्या अंकात रोझिनाला पळवून न्यायला तिचा प्रियकर काउंट आणि त्याचा साथीदार, न्हावी फिगारो, शिडीवरून आत येतात. फिगारो निघण्याची घाई करत असतो, पण प्रेमी जीव एकमेकांत गुंग होऊन ताना घेत राहतात, तेव्हा तो वैतागून त्यांच्याच ओळींची शेपटे वेडावत म्हणतो; आणि अखेर ‘गुपचूप, हळूच, शिडीवरून निघू या’ हे वाक्य तिघे मिळून इतके घोळवतात की तोवर शिडीच नाहीशी झालेली असते. संगीत नाटकांवर वाढलेली आमची एक मैत्रीण शिडी गेल्याचे कळण्याआधीच खदखदून हसली, कारण ‘येतो मी’ म्हणून आणखी एक पद सुरू करणारा नायक तिच्या चांगल्या परिचयाचा होता. चोविशीच्या उंबरठ्यावरच्या रोसिनीने १८१६ मध्ये ऑपेराच्याच सवयीची टर उडवली आणि तीही उत्तम ऑपेरा लिहून, हे तिचे म्हणणे मला आजही पटते. पडद्यावरची भाषांतरे वाचणाऱ्या आम्ही तिघी मात्र तिच्यामागून हसलो.

न्यूयॉर्क

२०१९ मध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेरात इटालियन संगीतकार डोनिझेत्तीची ‘रेजिमेंटची कन्या’ पाहिली. प्रेयसीसाठी सैन्यात भरती झालेला तोनियो आनंदाच्या भरात जे गाणे गातो, त्यात तारसप्तकातला ‘सी’ हा स्वर नऊ वेळा लागतो. तोनियो झालेले गायक हाव्हिएर कामारेना यांनी तो असा लावला की टाळ्या थांबेनात, आणि माझ्या मुंबईकर मित्राच्या तोंडून नकळत ‘वन्समोअर’ निघून गेले. त्या रंगमंचावर गाणे पुन्हा गायले जाणे दुर्मीळ आहे. २००८ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेस यांनी हेच गाणे पुन्हा गायले, तेव्हा तसे १९९४ नंतर प्रथमच घडले होते. कामारेना यांनी मात्र गाणे पुन्हा गायले. आपल्या हाकेमुळेच ते गायले, असे मित्र अजून सांगतो. आम्हीही तो समज मोडलेला नाही.

लंडन

गिल्बर्ट आणि सलिव्हन यांचा, जपानमध्ये घडणारा विनोदी ऑपेरा ‘मिकाडो’ आम्ही कोलिसियम नाट्यगृहात पाहिला. त्यातला जल्लाद कोको ज्या गाण्यात नकोशा माणसांची यादी वाचतो, त्यात ताज्या राजकारणावरच्या ओळी घातलेल्या होत्या आणि सर्वांत मोठा हशा तिथेच झाला. जपानी वेशातल्या इंग्रज नटांची कल्पना आमच्यातल्या एकीला खटकत होती. जोनाथन मिलर यांच्या १९८६ पासूनच्या या मांडणीत सारे काही १९३० च्या दशकातल्या इंग्लिश हॉटेलात घडते, त्यामुळे तिची अस्वस्थता कमी झाली. पूर्णपणे गेली नाही, आणि ते योग्यच होते.

पुणे

माझा अनुभव ‘संगीत संशयकल्लोळ’चा आहे. सोबतच्या मित्राने फ्रेंच नाटककार मोलिएर वाचलेला असल्यामुळे, मूर्च्छा आलेली नायिका रेवती आणि तिच्या हातून पडलेली तसबीर पाहताच ‘ही तर स्गानारेलची गोष्ट’ म्हणून तो सावरून बसला. १६६० चे ते फ्रेंच प्रहसन आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांकडे आले; त्यांनी आधी त्याचे गद्य नाटक केले आणि संगीत रूप १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. मध्यंतरात आमचा वाद जुंपला. मित्राचा आक्षेप असा, की गाजलेली पदे बहुतेक अश्विनशेठ आणि रेवती यांच्या वाट्याला येतात, हशा मात्र संशयी फाल्गुनरावांच्या गद्य बोलण्यावर पिकतो. म्हणजे रोसिनीच्या ऑपेरात सूर स्वतः विनोद करतात, तसे इथे होत नाही. माझे उत्तर असे होते, की फाल्गुनराव तसबिरीवरून पत्नी कृत्तिकेला जाब विचारतात तेव्हा त्या बोलण्याची लय कसलेल्या नटाच्या तोंडी तालातच चालते. दुसऱ्या अंकाची घंटा झाली, तरी तो मानायला तयार नव्हता.